गाडी मागून नेणारा मित्र

गाडी मागून नेणाऱ्या मित्राजवळ स्वतःची गाडी नसतेच असे नाही; पुष्कळदा ती घरी सुस्थितीत उभी असते, परंतु नुकतीच धुतलेली असते, किंवा पुढचा रस्ता खराब असल्याचे त्याच्या कानावर आलेले असते. त्याची मागणी वेळेच्या बाबतीत "दहा मिनिटांत आलो" आणि ठिकाणाच्या बाबतीत "जरा इथेच" अशी मोघम असते, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या मोघमपणातच असते.

एखादी वस्तू विशिष्ट कामासाठी, काम होताच परत करण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या हवाली करणे, याला भारतीय करार अधिनियम, 1872 मध्ये निक्षेप म्हटले आहे, आणि त्यासाठी भाडे घेतलेच पाहिजे असे नाही. त्यामुळे जिन्यात उभ्याउभ्या हातावर ठेवलेली चावीही कायद्याच्या कक्षेत येते. कलम 151 प्रमाणे, सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणाऱ्याने घेतली पाहिजे. कायद्याने गृहीत धरलेल्या या माणसाशी आपल्या मित्राची गाठ पडल्याचे मात्र ऐकिवात नाही.

गाडी परत येते ती मालक घरी नसताना. डाव्या बाजूस पोचा आलेला असल्यास ती बाजू भिंतीकडे करून गाडी लावली जाते, आणि "काकू, चावी ठेवतो हं, पेट्रोल टाकलंय" असे म्हणत चावी मालकाच्या आईच्या स्वाधीन होते. काटा पाहता हे पेट्रोल नैवेद्यापुरतेच असते. संध्याकाळी जाब विचारला असता "तुझे ब्रेकच सैल आहेत रे, मी म्हणून वाचलो" असे उत्तर मिळते, आणि एका वाक्यात प्रतिवादीचा वादी होतो. हे उत्तर दिसते तितके पोकळ नाही, कारण कलम 150 नुसार वस्तू फुकट देणाऱ्यानेही स्वतःला ठाऊक असलेले आणि वापरणाऱ्यास धोक्यात घालणारे दोष आधी सांगितले पाहिजेत. ब्रेक खरोखरच सैल असतील, मालकास ते माहीत असेल आणि त्यामुळेच अपघात झाला असेल, तर मित्राच्या गुडघ्याच्या मलमपट्टीचा खर्चही मालकाच्या अंगावर येऊ शकतो.

मित्राची खरी फजिती होते ती "मी नव्हतोच, मेव्हणा चालवत होता" हा हुकमी एक्का बाहेर काढल्यावर. बोलीबाहेर वापर केल्यास, तो कितीही जपून केलेला असला तरी, नुकसानभरपाई द्यावी लागते, असे कलम 154 सांगते, आणि त्याखालील उदाहरणात केवळ स्वतःच्या रपेटीसाठी घेतलेला घोडा घरच्या माणसाला दिल्यावर, त्याने जपून हाकूनही, अचानक पडून जखमी होतो. 1872 च्या विधिकारांनी मेव्हणा ओळखला होता, असेच म्हणावे लागते. अर्थात "फक्त तूच चालव" असे मालकाने बजावलेले नसते, म्हणून मित्र येथूनही निसटू पाहतो.

विम्याचा मार्गही गोड नाही. वर्षभर दावा न केल्याबद्दल पुढील हप्त्यात, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरती, जी सवलत मिळते तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढत जाते आणि मित्राने पाडलेल्या पोच्याचा दावा केल्यास साधारणतः मालकाचीच जाते. सिग्नल तोडल्याचे ई-चलनही नोंदणीकृत मालकाच्याच नावावर निघते. परवाना नसलेल्याच्या हाती मालकाने गाडी दिली असेल, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 180 खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एवढे कायदे हाताशी असूनही मालक बहुधा कोर्टाची पायरी चढत नाही, कारण आरसा व इंडिकेटर यांच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त असते आणि मित्राच्या घरचे लग्न तोंडावर आलेले असते. म्हणून चावी देण्यापूर्वी परवाना पाहावा, गाडीतले दोष सांगावेत, आणि कोण चालवणार, कुठे जाणार व केव्हा परत आणणार हे मोबाइलवर एका ओळीत लिहून पाठवून मित्राचा "हो" मिळेपर्यंत चावी खिशातच ठेवावी.