उपासाला चालतं!

तुमच्याही बिल्डिंगीत एक नाना असतीलच. ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी दिसली की “हे सँडल आहेत” म्हणून आत शिरणारे.

तर नानांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, ठरली. मुलगा परगावी, म्हणून पथ्याचा कागद माझ्या हातात आला. तीन दिवस साल, बी, चोथा काही नको. पांढरा भात, गाळलेलं वरण, ताक चालेल. शेवटच्या दिवशी नुसतं पातळ: शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा. नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, “म्हणजे उपासच की रे!”

इथेच घात झाला. आपल्या एकादशीला जे जे चालतं, त्यातलं बहुतेक या एकादशीला बंद. आणि तिकडे निषिद्ध असलेला भात इथे मानाने पानात. हे मी तीनदा समजावलं. पहिल्याच संध्याकाळी गेलो तर नानांपुढे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट. “उपासाला चालतं!” दुसऱ्या दिवशी राजगिऱ्याचा लाडू. “अरे, उपासाला चालतं!” तिसऱ्या दिवशी लालभडक कोकम सरबत. पातळ होतं, हे मान्य. पण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो, म्हणून तोही वर्ज्य. मी तोंड उघडायच्या आत नानांनी ग्लास रिकामा केला.

औषध मात्र इमानाने घेतलं. दोन लिटर पाण्यात पावडर. अर्धं रात्री, अर्धं पहाटे. आमची भिंत एकच, त्यामुळे संडासाची कडी मी रात्रभर मोजली. शेवटी स्वच्छ, पिवळसर पाणी व्हायला हवं. पहाटे विचारलं, तर म्हणाले, “चहासारखं आहे.”

“कसल्या चहासारखं?”

“दुधाच्या.”

तपासणीत पाहिलं, तर आतड्याच्या भिंतीला राजगिरा चिकटलेला. डॉक्टर पाणी मारून ओढून घ्यायला गेले, तर दुर्बिणीतली ती वाट जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. दाण्याचं साल तिच्यात अडकलं. अशा गाळाखाली एखादा चपटा पॉलिप सहज लपतो. पुन्हा करा, म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मी सगळे डबे उचलून आमच्याकडे आणले. पथ्याच्या दिवशी भात खाताना नानांचा चेहरा बाटल्यासारखा झाला होता. तपासणी निर्वेध पार पडली, पण महिनाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

यंदा माझी पाळी आली. पातळाच्या दिवशी, सकाळी सातला, नाना दारात. हातात काचेच्या ग्लासात वरणाचं पाणी, पंचातून दोनदा गाळलेलं. उजेडाकडे धरून त्यांनी ते न्याहाळलं. तळाशी एक जिरं होतं. काही न बोलता परत गेले, पुन्हा गाळून आणलं आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोरच्या स्टुलावर बसून राहिले.

मग खिशातून मूठभर दाणे काढले, तळव्यावर चोळून सालं माझ्याच फरशीवर फुंकली आणि म्हणाले, “बघतोस काय? मला चालतं.”