रिठा काकांचा, मनगट मावशींचं

पुण्याच्या ज्या उपनगरांत नळाला पाणी नाही पण गच्चीवर योगवर्ग आहे, तिथे सध्या घरोघरी साबण शिजतो आहे. खरोखरच, गॅसवर, पातेल्यात. आमच्या सोसायटीचा जिना सकाळी सातला चढा. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोह्यांचा वास आणि चौथ्यापासून उकळत्या रिठ्याचा. तो वास ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एव्हाना नाक धरलं असेल.

या चळवळीचे जनक चौथ्या मजल्यावरचे काका. निवृत्तीनंतर माणसाला एक शत्रू लागतो. काकांना आधी सोसायटीचे सेक्रेटरी पुरले. ते बदलून गेल्यावर काही दिवस पोकळीत गेले आणि मग डिटर्जंट सापडला. निमित्त आळंदीचं. दर्शनाला गेले होते, तर इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना दिसले आणि त्यातच वारकरी स्नान करताना. कोणाच्याही पोटात कालवेल असंच ते दृश्य आहे, त्याबद्दल चेष्टा नाही. पण हा फेस येतो कारखान्यांच्या आणि वरच्या वस्त्यांच्या प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातून. त्यावर उपाय म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं; त्यासाठी महापालिका, मंडळ, निधी, निविदा आणि वीसेक अर्ज. काका सरकारी नोकरीतूनच निवृत्त झालेले असल्यामुळे अर्जांचं पुढे काय होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी काष्ठौषधीच्या दुकानातून दोन किलो रिठे आणले.

रिठ्यावर आमचा राग नाही. त्याच्या सालीत सॅपोनिन असतं, ते पाण्यात फेस धरतं आणि मळ सैल करतं. सोनार चांदीचा डाग उजळायला रिठा वापरत आले, पैठण्या आणि शाली रिठ्याच्या पाण्यानं जपल्या गेल्या, कारण रेशमाला आणि लोकरीला सोड्याचा तिखट क्षार सोसत नाही. म्हणजे वर्षातून दोनदा, लग्नसराईनंतर, हलक्या हाताने धुवायच्या वस्त्राला रिठा उत्तम. काकांनी तो लावला बनियनला. पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्या मुलाच्या शर्टाच्या कॉलरला. आणि नातवाच्या फुटबॉलच्या मोज्यांना, ज्यांना पैठणीच्या जवळपासही कोणी कधी आणलं नव्हतं.

तरी कपडे स्वच्छ निघाले. काकांनी वही घातली: तारीख, रिठ्याचं प्रमाण, भिजवण्याची वेळ, शेरा. सोमवार ते शनिवार शेरा 'उत्तम'. रविवारी मात्र 'कॉलर मेणचट, वास कायम'. काकांनी बराच अभ्यास करून निष्कर्ष काढला, की रविवारी येणाऱ्या टँकरचं पाणी जड असतं. तसं पाहिलं तर जड पाण्याने साबण बिचकतो तितका रिठा बिचकत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण? काकू सांगू शकल्या असत्या. धुण्याच्या मावशी सोमवार ते शनिवार येतात आणि पिशवीत डिटर्जंटची दहा रुपयांची पुडी घेऊन येतात, हे काकूंना ठाऊक आहे. पुडीचे पैसे त्याच देतात. महिन्याच्या हिशेबात ते 'जिरे' या नावाखाली जातात. काकांना एकदाच शंका आली होती, की आपण इतकं जिरं खातो कुठे.

दुसऱ्या, म्हणजे बी विंगेत रिठ्याला मागास समजतात. तिथे बारचा संप्रदाय आहे. धुण्याचा बार किसणीवर किसायचा, त्यात धुण्याचा सोडा आणि टाकणखार मिसळायचा, बरणीत भरायचा, बरणीला सुतळी बांधायची आणि फोटो काढायचा. ही कृती अमेरिकेतल्या काटकसरी गृहिणींची. त्यांच्याकडून ती जशीच्या तशी इकडे आली, फक्त येताना पाणी तिकडेच राहिलं. आमच्याकडे येतं ते बोअरचं किंवा टँकरचं. साबणाची आणि कॅल्शियमची गाठ पडली की दोघांची मिळून चिकट मळी होते, ती पाण्यात विरघळत नाही, कपड्यावर बसते. सोडा थोडं कॅल्शियम अडवतो, पण एक चमचा सोडा आणि दहा हजार लिटरचा टँकर असा तो सामना आहे. दोन महिन्यांत त्या विंगेतल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांचा रंग एक झाला. त्या रंगाला तिथे आता 'नैसर्गिक' म्हणतात. नारळाच्या वड्यांनाही त्या सुमारास एक वेगळीच चव आली होती, कारण किसणी घरात एकच असते.

साबणाचं आणि जड पाण्याचं पटत नाही, हे जगाला फार आधी कळलं होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, साबणाला काही उरेना, तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी साबणाविना धुण्याचे पदार्थ शोधायला घेतले. त्यातून पुढे जे डिटर्जंट आले त्यांना जड पाण्याचं फारसं वावडं नव्हतं. एका महायुद्धातून माणसाने जे कमावलं ते आमच्या बी विंगेने एका रविवारी किसणीवर परत केलं.

तिसरा पंथ बायोएन्झाइमचा, आणि तो कडवा आहे. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवणं. दीक्षा घेतलेल्याला हे प्रमाण झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मुरताना वायू सुटतो, म्हणून सुरुवातीला रोज झाकण सैल करावं लागतं. पाचव्या मजल्यावरचं दांपत्य झाकण न उघडता लेकीकडे बंगळूरला गेलं. रात्री दोनला स्फोट झाला. वॉचमन पळत आला, कुत्री भुंकली, आणि सकाळी बाल्कनीच्या छताला मोसंब्याची साल चिकटलेली दिसली. ती अजून तिथेच आहे. ज्या बाटल्या शाबूत राहतात त्यांत तयार होतं ते मुख्यतः आंबट पाणी, शिरक्याचा चुलत भाऊ. त्यात खायचा सोडा घातला की ते जोरात फसफसतं, आणि पाहणाऱ्यांना वाटतं की मळाचे धाबे दणाणले. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून मोकळे झालेले असतात. वायू उडून जातो, मागे थोडं मीठ आणि पाणी राहतं. ते कपड्यावर ओततात आणि वर म्हणतात, बघा, कपड्याला काही अपाय झाला नाही.

गंमत अशी, की एन्झाइम घालून कपडे धुण्याची कल्पना खरीच आहे आणि जुनी आहे. ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली तिचं पेटंट घेतलं. त्याचं एन्झाइम जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. आज बाजारातल्या पावडरींत जंतूंपासून मिळवलेली एन्झाइमं असतात, रक्ताचे आणि वरणाचे डाग तीच तोडतात. हे मी पाचव्या मजल्यावर सांगितलं. त्यांनी स्वादुपिंडापर्यंत ऐकलं आणि चहा विचारला नाही.

एक गोष्ट मात्र या तिन्ही पंथांत कोणी काढत नाही: देशातली सगळ्यात गाजलेली डिटर्जंट पावडर हीसुद्धा घरगुतीच होती. १९५९ साली सर्फ भारतात आलं, ते परवडणाऱ्यांसाठी. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल या गुजरात सरकारच्या खनिज खात्यातल्या रसायनतज्ज्ञाने घराच्या परसात पिवळी पावडर कालवायला सुरुवात केली, मुलीच्या नावावरून तिला निरमा नाव दिलं आणि सायकलवर पिशव्या लादून दारोदार विकली, सर्फच्या चौथाईच्या आसपास भावात. पुढे सर्फच्या कंपनीला दूरदर्शनवरच्या जाहिरातीत ललिताजींना पाठवून सस्ती चीज आणि अच्छी चीज यांतला फरक गृहिणींना समजावून सांगावा लागला. करसनभाईंना २०१० साली पद्मश्री मिळाली. आमच्या काकांसारखेच तेही सरकारी नोकर. फरक इतकाच, की ज्यांना हाताने धुवावं लागतं त्यांच्या दारात ते गेले आणि त्या बायकांनी पावडर परत केली असती तर त्यांना ती परत घ्यावी लागली असती.

आपल्याकडच्या महिला बचत गटांचंही तेच. बोहरी आळीत स्लरी मिळते, सोडा ॲश मिळते, वास आणि रंगीत दाणे मिळतात. घमेल्यात कालवायचं, उष्णता निघते ती निवू द्यायची, चाळायचं, किलोकिलोच्या पिशव्या भरायच्या. नाकाला रुमाल बांधून ते करणाऱ्या बाईला निसर्गाशी एकरूप वगैरे झाल्यासारखं वाटत नाही. तिला शिंका येतात. आठवड्याने गिऱ्हाईक 'तुमच्या पावडरीने हात सोलले' म्हणालं, तर पुढच्या घाण्यात सोडा कमी पडतो. हे संशोधन कोणत्याही वहीत नाही.

आणि 'आपले पूर्वज' तरी काय करत होते, हे काकांच्या व्याख्यानात फार घाईने उरकतं. पूर्वज राख वापरत, खार वापरत. उल्केच्या आघाताने झालेल्या लोणारच्या सरोवराचं पाणी इतकं क्षारयुक्त, की तिथला खार काढून विकला जाई. काच आणि साबणाला लागणारा माल त्या मुलखात मिळतो अशी नोंद आईन-ए-अकबरीत आहे. पण बहुतेक पूर्वजांची खरी युक्ती वेगळीच होती: ते कपडे परटाकडे देत. परीट सोड्याच्या पाण्यात भट्टी लावी, दगडावर आपटी, आणि गठ्ठ्यात घोळ होऊ नये म्हणून बिब्ब्याने खूण करी, जी कपडा फाटला तरी जात नसे. परंपरेत रसायन होतंच, घाम होता, फक्त तो आपल्या पूर्वजांचा नव्हता.

काकांकडे वॉशिंग मशिन आहे. पुढून दार असलेलं, महागातलं. मग रिठ्याचं पाणी त्यात का घालत नाहीत, असं मी विचारलं. काका सखेद म्हणाले, "वॉरंटी जाते हो." मशिनबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी नीट वाचलेलं होतं. मशिनला चालणार नाही ते द्रावण मग बादलीत जातं, बादली मावशींकडे जाते. मावशींबरोबर पुस्तक आलेलं नाही.

मावशींचं गणित असं. धुण्याचे वेगळे, भांड्यांचे वेगळे, फरशीचे वेगळे. दर कामाला आणि महिन्याला, तासाला नाही. पावडरीने दोन हातांत निघणारी कॉलर रिठ्याने पाच हात घेते. हे वरचे तीन हात त्यांच्या पदरचे. शिवाय सोसायटीत प्रत्येक घराचं द्रावण वेगळं; एका घरी फेस नाही, दुसऱ्या घरी मळी, तिसऱ्या घरी सोडा इतका, की बोटांच्या पेरांना चिरा पडतात. त्या बोटांना काकू खोबरेल देतात. वाईट माणसं नाहीतच इथे कोणी. काकांनी एकदा मोठ्या अपेक्षेनं विचारलं, "मावशी, कसं वाटतंय आमचं पाणी?" मावशी म्हणाल्या, "पाणी चांगलंय काका. कपड्याला कळत नाही."

गेल्या महिन्यात त्यांनी पगारवाढ मागितली. कारण स्पष्ट सांगितलं: फेस नाही तिथे घासणं जास्त. प्रकरण सोसायटीच्या सभेत आलं. एका जुन्या पुणेकर आजोबांनी आठवण करून दिली, की १९८० साली शहरातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि भल्याभल्यांच्या घरी उष्ट्या भांड्यांचे ढीग साचले होते. सभेत शांतता पसरली. २००८ सालचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा कोणीतरी मोबाइलवर उघडला, त्यात रिठ्याचा उल्लेख नाही हे पाहून सर्वांना हायसं वाटलं. मग ठराव झाला: पर्यावरणरक्षणातील योगदानाबद्दल सर्व मावशींना 'हरित सखी' प्रमाणपत्र देण्यात यावं. पगारवाढीसाठी उपसमिती. प्रत्येक सभासदाने महिनाभर आपले कपडे आपल्याच द्रावणात स्वतः धुवावेत अशी सूचना योगवर्गाच्या ताईंनी मांडली. तिला अनुमोदक मिळाला नाही.

प्रमाणपत्र घेऊन काका आणि खजिनदार मावशींकडे गेले. मावशींनी ते वाचलं, दांडीवरच्या टॉवेलला हात पुसून घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "आता लिहून घ्या. पावडरीचं धुणं जुन्या भावात. रिठ्याचं दीडपट. एन्झाइमचं मी घेत नाही, ती बाटली फुटते."

खजिनदारांनी लिहून घेतलं. काकांनी विचारलं, "आणि किसलेल्या साबणाचं?"

"ते आधी काकूंना विचारा," मावशी म्हणाल्या, "किसणी त्यांची आहे."