देवाचा कॅशियर

वऱ्हाडातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत जा, अमरावतीच्या असो की अकोल्याच्या, तिथे एक खजिनदार काका असतातच. पाळक बदलतात, पंच बदलतात, दर वार्षिक सभेत ‘आता तरुणांनी पुढं यावं’ असं एकमतानं ठरतं आणि काका वही बगलेत मारून पुन्हा त्याच खुर्चीवर. आमचे काका एसटीच्या डेपोत कॅशियर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण नोट हातात आली की अजूनही आधी उजेडाकडे धरतात आणि मग देणाऱ्याकडे बघतात.

रविवारी उपासना सुटली की बाहेर चहा आणि सोयरिकीच्या गप्पा सुरू होतात. आत काका दानाची थैली टेबलावर उलटी करतात. एकट्यानं मोजायची नाही, हा त्यांचा कायदा. शेजारी दुसरा पंच हवाच, मग त्याच्या घरी पाहुणे का ताटकळत असेनात. नाण्यांच्या चळती एकीकडे, फाटक्या नोटा एकीकडे. भाजीवाली, ऑटोवाला, पानवाला कुणीच न घेतलेली दहाची नोट शेवटी चर्चमध्ये येते, हा त्यांचा अभ्यास आहे. “दुनियेत कोनी घेत नाई ते देव घेते, बाप्पा,” असं म्हणत सोमवारी ते स्वतः त्या नोटा बदलायला बँकेच्या रांगेत उभे राहतात.

पंचांच्या बैठकीला सहा जण होते आणि चहावाल्यानं सात कपांचे पैसे लावले, तर सातवा कप कुणाचा यावर बैठक अडते. एकदा शोध लागला की पाळकांनी दोन घेतले होते. “लिवा मंग तसं,” काका म्हणाले. ती नोंद वहीत अजून आहे आणि पाळक त्यानंतर आमच्याकडे कोरं पाणीच पितात.

पेन्शन आली की पहिला दशमांश बाजूला निघतो, नंतर वीजबिल. पुण्यात कंपनीत लागलेल्या एका पोरानं त्यांना विचारलं, “काका, दहावा हिस्सा पूर्ण पगाराचा काढायचा की कापून हाती येतो त्याचा?” काकांनी उलट विचारलं, “पोरीवाल्याइले कोन्ता आकडा सांगतं?” पोरगा गप्प. “त्याचाच काढ.”

काकूंची तक्रार वेगळी. “देवाच्या दहाचा मले कधीच तरास नाई. मायाकडच्या नव्वदाचाच हिशोब रोज द्या लागते.” पाळकांनी एकदा धीर करून सांगितलं की पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश काढणाऱ्या परूश्यांना येशूनं काय सुनावलं ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात बघा. काकांनी तिथल्या तिथे अध्याय काढला आणि दाखवलं की न्याय आणि दया आधी, हे खरं, पण पुदिना सोडा असं येशू कुठेच म्हणालेला नाही. त्यांच्या अंगणात पुदिना आहे. दर दहावी जुडी पाळकांच्या घरी जाते.

रेव्हरंड टिळक हा त्यांच्या मनातला सल आहे. ‘स्मृतिचित्रे’ त्यांना तोंडपाठ, पण सगळी माया लक्ष्मीबाईंवर. हाती आलेला पैसा वाटून मोकळा होणारा नवरा आणि घर चालवणारी बायको, हे वाचताना ते काकूंकडे बघतात. काकू बघत नाहीत. “टिळक कवी मोठे, संत मोठे. पन खजिनदार म्हनून मी त्याइले एक दिवस नसतं ठेवलं.” 1917 मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं, हे तर त्यांना अजून पचलेलं नाही. “पगारच सोडला! आता दशमांश काहाचा काढाव?”

त्यांचा आदर्श खजिनदार गाडगेबाबा. ख्रिस्ती नव्हते म्हणून काय झालं! लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मडक्याच्या खापरात जेवले. गाडगेनगरात समाधीवरून जाताना काका स्कूटर हळू करतात.

हंगामाच्या सणाला मात्र हा माणूस ओळखू येत नाही. चर्चपुढं तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं, वरुडची संत्री, एखादी गावरान कोंबडी असं सगळं मांडलं जातं आणि लिलाव होतो. काका एका कोहळ्यासाठी इरेला पेटतात. एकदा समोर कुणी बोली वाढवेना, तर स्वतःच्याच बोलीवर त्यांनी शंभर चढवले. नऊशेला कोहळं घेतलं आणि लगेच ‘पुन्हा लिलावात काढा’ म्हणून परत ठेवलं. त्याच संध्याकाळी बाजारात कोथिंबिरीच्या पाच रुपयांवरून त्यांनी जे भांडण केलं ते मी पाहिलंय.

2017 साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा एका शेतकऱ्यानं भर सभेत विचारलं, “फायद्याचा दहावा हिस्सा देवाचा. मंग तोट्याचा दहावा देव घेते का, काका?” सभा हसली. काकांनी वहीच्या मागच्या पानावर प्रश्न उतरवला, तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, ‘उत्तर पाळकांकडून येणे बाकी.’ ते अजून आलेलं नाही.

एवढी चिकाटी कुठून आली, हे त्यांनी एकदाच सांगितलं. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात पोरकी झालेली मुलं अलायन्स मिशननं सांभाळली, त्यात त्यांचे आजोबा होते. “कोन्या अमेरिकेतल्या बाईनं थैलीत पैसा टाकला, त्याच्यावर माया आजा जगला. तो पैसा मंधात कोनी खाल्ला असता तं मी इथं नसतो.” मग लगेच म्हणाले, “मागच्या महिन्याची वर्गणी राह्यली तुई.”

उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, हेही ते कसोशीनं पाळतात. कुणाची फी अडली, कुणी दवाखान्यात पडलं की दाराच्या फटीतून पाकीट येतं. जुनी लग्नपत्रिका उलटी चिकटवून केलेलं. अख्ख्या मंडळीत अशी पाकिटं एकच माणूस करतो. वर नाव ‘एक विश्वासू’. आत एका तोंडानं लावलेल्या नोटा आणि चिठ्ठी, ‘रक्कम मोजून घ्यावी. पावती दानाच्या थैलीत टाकावी.’ नर्सिंगला जाणाऱ्या एका पोरीला साडेसात हजार हवे होते, तर दोन पाकिटं आली, एकात पाच हजार, एकात अडीच. कारण पाच हजारांच्या वर गेलं की पावतीला रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. बिचारीनं दोन्हींची मिळून एकच पावती लिहिली. पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या चालू असताना काका उठले आणि कुणाचंही नाव न घेता म्हणाले, “काही लोकाइले दोन रकमेच्या दोन पावत्या कराव्या लागते हे समजत नाई. त्याइच्यासाठी प्रार्थना करा.”