पोलादपूर गाडीतले पियानोवाले

महाड आगारातून सकाळी पोलादपूरकडे निघणाऱ्या एस.टी.त प्रवाशांच्या जाती ठरलेल्या असतात. बसल्याबरोबर घोरणारे, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घालणारे, फोनवर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं भांडणारे. आणि एक, कानात वायर खुपसून, डोळे मिटून, पुढच्या सीटच्या दांडीवर दहा बोटं नाचवणारा. नवखा माणूस घाबरून जागा बदलतो. रोजचे म्हणतात, "बसा हो, काही नाही. भाऊसाहेबांचा पियानो चाललाय."

भाऊसाहेब कचेरीत कारकून. असा एखादा नग प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला येतोच. संगीताचा वारसा म्हणाल तर वडील भजनात पेटी वाजवायचे. मग हे पियानोकडे कसे वळले? विचारलंत तर ते गंभीर होतात. "आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली. तीस वर्षं! तो अपमान मी विसरलेलो नाही." बंदी सैल झाली तेव्हा यांचा जन्मही झाला नव्हता, हे मात्र काढायचं नाही.

बाकीचे रसिक कलावंत पाहून ध्वनिमुद्रण निवडतात. भाऊसाहेब रस्ता पाहून. पियानोवादक ग्लेन गूल्डनं बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' दोनदा ध्वनिमुद्रित केली. 1955 साली, बावीस वर्षांचा असताना, ती 38 मिनिटांत उरकली. 1981 साली त्याच रचनेला 51 मिनिटं घेतली. भाऊसाहेबांच्या मते यात तारुण्य आणि प्रौढपण वगैरे काही नाही. हायवे मोकळा असेल तर 1955चं, खोदकाम असेल तर 1981चं. कचेरीत उशिरा आले की साहेबांना कारणही तेच देतात : "आज एक्क्याऐंशीचं लावावं लागलं." साहेब आता काही विचारत नाहीत.

गूल्ड वाजवताना गुणगुणायचा आणि ते ध्वनिमुद्रणातही उतरलं आहे. त्याच्याबरोबर भाऊसाहेबही गुणगुणतात. कंडक्टर विचारतो, "भाऊसाहेब, गाताय का?" हे डोळे न उघडता सांगतात, "मी नाही. तो."

एस.टी.त काय चालतं आणि काय नाही, याचं त्यांचं शास्त्र पक्कं आहे. शोपँची नॉक्टर्न गाडीत बाद. हळुवार जागा आली की इंजिन ती गिळतं. आवाज वाढवावा तर पुढच्याच ओळीत कानठळ्या बसतात. बाखचा आवाज एकाच पातळीवर चालतो, म्हणून तो डिझेलला पुरून उरतो. पियानोवादक रिश्टरची 1958 सालची सोफियातली मैफल तर खास पावसाळ्यासाठी राखलेली. त्या मैफलीत मुसोर्ग्स्कीच्या 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन'ला श्रोते इतके खोकतात की खोकला बल्गेरियातला की मागच्या सीटवरचा हे कळत नाही. "हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं," भाऊसाहेब समाधानानं सांगतात.

कशेडी घाटाला पर्याय म्हणून बोगदा सुरू झाला तेव्हा तालुका खूश झाला, हे एकटे हळहळले. बेथोव्हेनच्या शेवटच्या पियानो सोनाटाचे भाग दोनच, पण दुसरा चांगला लांब. खेडला जाताना तो घाटात निवांत ऐकून व्हायचा. आता दुसरा भाग रंगात येईतो बोगदा संपतो. म्हणून हल्ली महाबळेश्वरला पाहुण्यांकडे जाण्याचा त्यांना फार उमाळा येतो. वाटेवरच्या आंबेनळी घाटात अजून वळणं शिल्लक आहेत.

या घाटांत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे सगळा संग्रह मेमरी कार्डावर. त्याला आणखी एक कारण आहे. 2021च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत चढलं, तेव्हा भाऊसाहेबांच्या तळमजल्यावरच्या कॅसेटी आणि सीड्या गाळात गेल्या. तेव्हापासून कार्ड प्लॅस्टिकच्या पुडीत शर्टाच्या आतल्या खिशात असतं. पावसानं जोर धरला की घरातली माणसं वरच्या मजल्यावर धान्य नेतात, भाऊसाहेब खिसा चाचपतात. या सगळ्या छंदावर वहिनींचं मत एकदाच ऐकायला मिळालं : "अहो, कानातलं काढा. भाकरी की भात, तिसऱ्यांदा विचारतेय."

पियानोवादक दिनू लिपात्तीचा विषय निघाला की मात्र थट्टा बंद. 1950च्या सप्टेंबरात बझाँसोंला तो आजारी असताना शोपँचे 14 वॉल्ट्झ वाजवायला बसला, 13 वाजवले, चौदाव्याला ताकद उरली नाही. डिसेंबरात तो गेला. हे सांगताना भाऊसाहेबांचा आवाज दर वेळी बसतो. ही कथा ऐकता ऐकता राजेवाडी फाट्याला उतरणाऱ्या एक बाई थेट पोलादपूरला पोचल्या. तक्रार न करता परतीचं तिकीट काढून गेल्या.

खरा पियानो भाऊसाहेबांनी हात लावून पाहिलेला नाही, म्हणून त्यांना हसणारे पुष्कळ. पण गूल्डनं 1964 साली जाहीर मैफिली कायमच्या सोडल्या, त्या ध्वनिमुद्रणावरच्या विश्वासापोटी. त्याला हवा असलेला एकटा, कान देऊन ऐकणारा श्रोता पोलादपूर गाडीत रोज दांडीला धरून बसतो. तेव्हा शेजारी जागा मिळाली आणि भाऊसाहेबांनी वायरीचं एक टोक पुढे केलं, तर नाही म्हणू नका. निमूट कानात घाला. फक्त "यात तबला कधी सुरू होतो?" एवढं विचारू नका.