एक खुर्चीभर गच्ची

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सोळा घरं. मी चौथ्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. चार पावसाळे ती माझ्या हॉलमध्ये गळली. दर वेळी सेक्रेटरी ओल बघून म्हणायचे, "तुमची गच्ची जरा बघून घ्या." गच्चीच्या गळतीचा खर्च संस्थेने करायचा, असं उपविधींत छापलंय. ते पान पुढे केलं, तर नेमका त्यांचा चष्मा घरी राहिलेला. शेवटी जुना कोबा मीच फोडून घेतला, वर चायना मोझॅक करवलं. ते इतकं झकास जमलं की वाटलं, कोपऱ्यात दहा बाय बाराचा बांबूचा मांडव घालावा, जाईचा वेल चढवावा, खाली बसून चहा प्यावा. अर्ज केला.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून घेतली. गणपूर्तीला अकरा जण हवे होते, आले सात. सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून तर या अर्ध्या तासात बटाटेवडे येतात. वडे संपले, तेच सात जण हात पुसत बसले आणि सभा कायदेशीर झाली.

माझा अर्ज वाचला गेला.

"गच्ची सगळ्यांची आहे!" पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. गुडघ्यांमुळे त्या गच्चीवर कधी चढलेल्याच नाहीत. "मी कुरडया कुठे वाळत घालू?"

"आज यांना मांडव दिला, उद्या दुसरा जिम मागेल," चेअरमन.

"आणि गळायला लागली तर?" हे सेक्रेटरी. चष्मा लावून.

"गळली तर माझ्याच घरात गळेल हो," मी म्हटलं. ते इतिवृत्तात आलं नाही. गळताना गच्ची माझी आणि बसताना सोळा जणांची, हा हिशेब फक्त मलाच विनोदी वाटत होता.

महापालिकेची परवानगी, आर्किटेक्टचा दाखला, उरलेल्या पंधरा जणांच्या सह्या असं सगळं निघालं. साडेदहाला वॉचमनने दिवे मालवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ठराव झाला : अर्जदाराने गच्चीवर स्वखर्चाने एक प्लास्टिकची खुर्ची ठेवण्यास हरकत नाही, सदर खुर्ची सर्व सभासदांसाठी खुली राहील.

खुर्ची आणली. काल संध्याकाळी चहाचा कप घेऊन वर गेलो, तर खुर्चीत काकू. गुडघे आता बरे आहेत म्हणाल्या. चहा त्यांनाच दिला.