मालक, आधी दाते मोजा!
सर्जापूर रोडवरच्या एका सायकल दुकानदाराला खुले पत्र

मालक,

तुमच्या दुकानाचं नाव लिहीत नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला पुढच्याच वाक्यात कळेल. माझ्या भाचीच्या रोड बाइकला तुम्ही 11-34 ची कॅसेट बसवलीत, आरडी, म्हणजे मागचा डिरेलर, जुनीच ठेवलीत, चेनही जुनीच ठेवलीत आणि "बसतंय की ताई, कशाला काळजी करताय?" असं म्हणून बिल हातात दिलंत. बेळगावकडचा माणूस, आपल्या भाषेत बोलतो, म्हणून आम्ही डोळे झाकून विश्वास टाकला. त्याचं तुम्ही काय केलंत ते आता ऐका.

डोम्मसंद्राच्या पुढे, सकाळच्या वेळी, पोरीने मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाकला. पुढे मोठी चेनरिंग होती. चेन पुरली नाही. आरडी पुढे खेचली गेली, आरडी धरणारा हँगर तुटला, आरडी सरळ स्पोक्समध्ये घुसली आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. ती रस्त्यावर आडवी. मागून पाण्याचा टँकर येत होता. त्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून कोपर सोलवटण्यावर निभावलं. या रोडवर सकाळपासून टँकर कसे धावतात ते तुम्ही दुकानाच्या पायरीवरून रोज बघता.

आता हिशोब करू. तो तुम्ही आधीच करायला हवा होता. तिच्या सायकलला पुढे 50 आणि 34 दात्यांच्या चेनरिंग, मागे आधी 11-28 ची कॅसेट आणि शिमानोची 105 मालिकेतली आर7000 आरडी, आखूड केजची, म्हणजे एसएस. कंपनी या आरडीबद्दल दोन आकडे देते. मागची सगळ्यात मोठी चकती 30 दात्यांपर्यंत आणि एकूण क्षमता 35. क्षमता काढायला पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक घ्यायचा, मागच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या चकतीतला फरक घ्यायचा आणि दोन्हींची बेरीज करायची. जुन्या कॅसेटला 16 अधिक 17, म्हणजे 33. आरडीच्या आवाक्यात. तुमच्या कॅसेटला 16 अधिक 23, म्हणजे 39. मोठी चकती मर्यादेपेक्षा चार दात्यांनी जास्त आणि क्षमताही चारने कमी. ही बेरीज चौथीतलं पोर करतं.

चेनचंही तेच. चेन मागच्या चकतीला साधारण अर्धा वेढा घालते. 28 वरून 34 वर गेलं की सहा दाते वाढतात, म्हणजे तीन कड्यांची चेन जास्त लागते. आरडीतून न नेता, मोठ्या चेनरिंगवरून आणि मोठ्या चकतीवरून चेन गुंडाळून मोजायची आणि वर दोन कड्या ठेवायच्या, हा नेहमीचा हिशोब. असतात दोन, तुम्ही खाल्ल्या तीन. मग चेन तुटेल, नाहीतर हँगर. हँगर मऊ ॲल्युमिनियमचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून तो आधी मोडतो. त्याने त्याचं काम केलं.

"मोठ्यावर मोठा टाकायचाच नसतो," असं तुम्ही फोनवर म्हणालात. टाकू नये हे खरं. चेन तिरकी चालते, झिजते. पण दमलेला माणूस चढावर कधी ना कधी तो गिअर टाकतोच. म्हणून तर चेन त्याच जोडीवर मोजतात. चुकीचा गिअर पडला तर सायकल कुरकुरली पाहिजे, माणूस पडता कामा नये.

सगळ्यात जास्त संताप मला पुढच्या गोष्टीचा आहे. तुटलेली आरडी मी हातात घेऊन नीट पाहिली. तिचा बी-स्क्रू मूळचा नव्हता. मूळचा काढून तुम्ही त्याहून लांब स्क्रू आत पिळला होता. वरची पुली 34 च्या चकतीला घासत होती, तिला खाली ढकलायला दुसरा मार्ग उरला नव्हता. म्हणजे हे बसत नाही ते तुम्हाला ठाऊक होतं. न कळून झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही कळून केलंत आणि वर "बसतंय की" म्हणालात. याला मराठीत फसवणूक म्हणतात.

त्या स्क्रूने काही साधतही नाही. जपानच्या सनटूर कंपनीने 1964 मध्ये आरडीचा समांतरभुज तिरपा केला, तेव्हापासून वरची पुली चकत्यांच्या उताराला धरून आत सरकते. हा तिरपेपणा ठरावीक मापाच्या कॅसेटसाठी आखलेला असतो. लांब स्क्रूने मोठ्या चकतीपाशी जागा झाली, तरी छोट्या चकत्यांपासून पुली लांब जाते आणि गिअर आळसावतात. आणि स्क्रूने केज काही लांब होत नाही. नवी, पुरेशी लांब चेन टाकली असती, तर छोट्यावर छोटा पडताच ती लोंबली असती.

पोरीला हवं तरी काय होतं? नंदी हिल्सचा चढ बसल्या बसल्या चढता यावा, एवढंच. 34 ला 34 लागलं की पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा, साधारण 2.1 मीटर. 28 च्या तुलनेत गुडघ्यावरचा भार बराच हलका. मागणी रास्त होती आणि ती पुरी करायला दोन सरळ रस्ते होते. 11-30 ची कॅसेट घातली असती तर 16 अधिक 19, बरोबर 35, जुनीच आरडी चालली असती. नाहीतर त्याच मालिकेतली लांब केजची जीएस आरडी घ्यायची. तिची मर्यादा 34, क्षमता 39. जणू याच जोडीसाठी बनवलेली. दोन्हींत नवी चेन मोजून घालायची. हे तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही पैसे आनंदाने मोजले असते. तुमच्याकडे 34 ची कॅसेट पडून होती, ती खपवायची होती, म्हणून तुम्ही गप्प बसलात.

कंपनीचे आकडे थोडे राखून दिलेले असतात, हे मलाही माहीत आहे. आखूड आरडीवर 32 चालवणारे लोक आहेत. पण ते चेन मोजतात, स्टँडवर सायकल टांगून मोठ्यावर मोठा आणि छोट्यावर छोटा टाकून बघतात आणि जोखीम स्वतःच्या अंगावर घेतात. तुम्ही जोखीम गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकलीत, तीही न सांगता. "स्वल्प अड्जस्ट माडी", म्हणजे थोडं सांभाळून घ्या, हे या शहरात सगळीकडे चालतं. रहदारीत चालतं, पार्किंगला चालतं. हँगरशी चालत नाही.

भाची 200 किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, तयारी करत होती. त्याला साडेतेरा तासांची मुदत असते. हेच तिथे रात्री, एखाद्या निर्मनुष्य रस्त्यावर झालं असतं तर?

आता माझं मागणं. हँगर, आरडी आणि वाकलेल्या स्पोक्सचा खर्च तुम्ही द्यायचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कॅसेट विकण्याआधी त्याच्या आरडीचा मॉडेल नंबर वाचायचा, कंपनीचा तक्ता उघडायचा आणि बेरीज त्याच्यासमोर कागदावर मांडायची. बसत नसेल तर नाही म्हणायचं. तुमच्याकडे काम शिकणाऱ्या त्या दोन पोरांना लांब स्क्रूची युक्ती शिकवलीत ना? आता ही बेरीज शिकवा. उद्या ती स्वतःची दुकानं टाकतील आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या मागेही टँकर असतील.

खर्चाचा आकडा सोबत जोडला आहे. आठ दिवस वाट बघेन, नंतर ग्राहक आयोगाकडे जाईन.

एका सायकलस्वाराची मावशी
सर्जापूर रोड, बेंगळुरू