रिकामी की भरलेली?

राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी 1920च्या दशकात इजिप्तमध्ये होता. सुट्टी मिळाली की हा गृहस्थ फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरायचा. निघण्याआधी तो गाडीवरचं जे जे निघेल ते काढून ठेवी. मडगार्ड नको, बॉनेट नको, वजन म्हणून जे काही असेल ते नको. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. तरीही रुतलाच, तर चाकाखाली घालायला लोखंडी पन्हळी. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर म्हणून टाकलेल्या या पन्हळी त्याला कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे सापडल्या. रेडिएटरमधली वाफ बाहेर उडून पाणी वाया जाऊ नये म्हणून ती नळीने एका डब्यात घेऊन त्याचं पुन्हा पाणी करायची युक्तीही त्याचीच. पुढे 1940 मध्ये याच अनुभवावर त्याने ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ नावाचं पथक उभं केलं आणि त्याला जोडून हिंदी सैनिकांची एक तुकडीही त्या वाळवंटात फिरली.

ही सगळी माहिती मला आमच्या साडूभाऊंनी दिली. ती देताना ते आपल्या पिकअपला एकशे काहीवी वस्तू बसवत होते.

साडूभाऊ पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी पिकअप घेतली. आमच्या नाशिककडे पिकअप म्हणजे टोमॅटोचे क्रेट. फार तर वऱ्हाड, भाद्रपदात गणपती, आषाढात दिंडीमागे चाललेली भांडीकुंडी. त्यामुळे बातमी आली तेव्हा घरच्यांना वाटलं, यांनी कुठेतरी शेत घेतलं. तसं काही नव्हतं. इसुझूने 2016 मध्ये डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली, तेव्हापासून पांढऱ्या पाटीच्या, चार दारांच्या, आत गुबगुबीत सीट असलेल्या पिकअप आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. साडूभाऊंची त्यांतलीच. पण कितीही झालं तरी मागे हौदा तो हौदाच. सोसायटीच्या रखवालदाराने पहिल्याच दिवशी, “सामान कोणाकडे उतरवायचंय?” म्हणून अडवलं. रविवार कारंज्यापाशी दोन मिनिटं थांबले तर एक बाई कपाट दाखवून विचारत्या झाल्या, “नांदूर नाक्यापर्यंत काय घ्याल?”

माझं मत असं आहे की गाडी सजवण्याचा सगळा उद्योग खरं तर त्या कपाटापासून सुरू झाला. हौदा मोकळा दिसला की लोक भाडं विचारतात. म्हणून हौदा भरायचा. साडूभाऊंना हे मान्य नाही. त्यांच्याकडे प्रत्येक वस्तूचं कारण आहे, आणि मुख्य अडचण अशी, की प्रत्येक कारण बरोबर आहे.

आता ती इंजिनाची नळी घ्या, जिला स्नॉर्केल म्हणतात. इंजिन हवा ओढतं ती वाट टपापर्यंत उंच नेणारी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ओढ्यातून जाताना पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन जागीच अडतो, आतला दांडा वाकतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक खाली बसतो. हे पटलं. पण पाटबंधाऱ्याचा माणूस तेवढ्यावर थांबतो होय? गोदावरीला पूर आला की नाशकात पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, यावर पुराची मोजणी होते. साडूभाऊंनी फूटपट्टी घेऊन आपली नळी मारुतीच्या कुठवर पोचते ते काढलं आणि समाधानाने मान हलवली. त्या पुरात गाडी घालून त्यांना नक्की कुठे जायचं होतं, हे मी विचारलं नाही. दरवाजे, वायरिंग आणि माणसाचं नाक यांना अशी नळी नसते, हेही बोललो नाही.

मग विंच. बारा हजार पौंडांची ओढ, म्हणजे साधारण साडेपाच हजार किलो. झाडाला पट्टा बांधायचा, दोर अडकवायचा, बटण दाबायचं, गाडी स्वतःच स्वतःला चिखलातून ओढून काढते. पूर्ण जोर लागला की बॅटरीतून चारशेच्या आसपास अँपिअर खेचले जातात, म्हणून मोठी बॅटरी. शिवाय ताणलेला दोर तुटला तर सपकन मागे येतो आणि समोर उभ्या माणसाची खैर नसते. त्यावर उपाय म्हणून दोरावर मधोमध काहीतरी जड टाकतात. माहितीपत्रकात ‘जाड घोंगडी चालेल’ असं होतं. साडूभाऊंनी घरातून जाड म्हणून जे उचललं ती आमच्या दोघांच्या सासूबाईंनी हाताने शिवलेली गोधडी होती. साडूभाऊंच्या पत्नीने, म्हणजे आमच्या ताईंनी, ती दारातच ओळखली. “आईची गोधडी? चिखलात?” एवढेच तीन शब्द बोलल्या. दुसऱ्या दिवशी तयार डॅम्पर मागवला गेला. गोधडीही गाडीतच राहिली, कारण थंडी वाजली तर?

कायद्याची भानगड वेगळीच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीच्या कागदावर गाडी जशी आहे तिच्यात आपल्या मनाने फेरफार करता येत नाहीत. पुढे लावायच्या त्या लोखंडी बुलबारवर तर 2017च्या अखेरीस केंद्राने राज्यांना कारवाईच करायला सांगितलं, कारण पादचाऱ्याला तो भारी पडतो आणि एअरबॅगच्या कामातही आडवा येतो. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाने यावर जो मार्ग काढला तो असा: सगळं नट-बोल्टवर. “कायमस्वरूपी काहीच नाही,” ते म्हणतात, “सगळं तात्पुरतं.” खात्यातली अनेक कामंही याच शेऱ्यावर वर्षानुवर्षं उभी आहेत.

टपावरचा तंबू हा या साऱ्या प्रकारातला कळसाध्याय. शेतातल्या राखणीच्या माळ्यासारखा तो वर उघडतो, खाली शिडी लागते, आत गादी. साप-विंचू नको, ओल नको. पूर्वी पूर्व जर्मनीत लोक ट्राबांट गाडीच्या टपावर असा तंबू लावून सुट्टीवर जात. सव्वीस अश्वशक्तीची ती चिमुकली गाडी, तिच्या डोक्यावर अख्खं कुटुंब! तेव्हा कल्पना चांगलीच आहे. फक्त कॅटलॉगमध्ये त्या तंबूतून हसत बाहेर बघणारी माणसं पंचविशीतली असतात. बासष्टाव्या वर्षी रात्री अडीच वाजता लघवीला उठायचं म्हणजे आधी चष्मा शोधायचा, मग विजेरी, मग पाठमोरं होऊन पायाने पहिली पायरी चाचपायची. तोवर ताई आतून विचारतात, “उतरलात का?” ते म्हणतात, “अजून नाही.” खाली पोचेपर्यंत झोप पूर्ण उडालेली असते आणि वर चढण्यापेक्षा सकाळपर्यंत खुर्चीत बसावं असं वाटू लागतं.

एकदा मी म्हटलं, “भाऊसाहेब, तुम्ही नोकरीत असताना तर याहून वाईट रस्त्यांनी हिंडलात. धरणाच्या कामावर, कालव्याच्या कडेने. तेव्हा गाडीत काय असायचं?”

ते बराच वेळ हातातला पाना फिरवत राहिले. “सतरंजी, पाण्याचा तांब्या आणि जेवणाचा डबा,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “आणि ड्रायव्हर.”

तो ड्रायव्हर मीही पाहिला होता. किडकिडीत अंगाचा, पंचावन्न किलोंचा असेल नसेल. त्याच्या सीटखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, थोडी तार आणि कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी असे. डिझेलची टाकी दगड लागून गळू लागली की तो साबण मळून भेगेत दाबायचा आणि गाडी तालुक्याच्या गॅरेजपर्यंत आणायचा. कोणत्या वस्तीवर कोणाकडे बैलजोडी आहे, पुढे कोणाकडे ट्रॅक्टर आला, कोणत्या पाटलाला आधी रामराम घालावा लागतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. काळ्या मातीबद्दल त्याचं मत ठाम होतं. पाऊस पडून गेला की ती माती चाकावर थरावर थर चढत जाते, टायरची नक्षी बुजते, आणि मग टायर कितीही महाग असो, तो गुळगुळीतच. यावर त्याच्याकडे जालीम उपाय होता. दोन दिवस त्या रस्त्याला जायचं नाही.

आज साडूभाऊंच्या हौद्यात जे काही आहे ते मला त्या एका माणसाची भरपाई वाटतं. बैलजोडीऐवजी विंच, साबणाऐवजी इपॉक्सीची ट्यूब, पाटलाच्या ओसरीऐवजी टपावरचा तंबू, आणि रस्ता विचारण्याऐवजी उपग्रहाशी बोलणारं एक यंत्र, जे कोणालाच रामराम घालत नाही.

पहिली सहल वैतरणेच्या बॅकवॉटरला काढली. आम्हा नवरा-बायकोलाही आग्रहाने बोलावलं होतं, पण पिकअपच्या मागच्या सीटवरही सामान होतं, त्यामुळे आम्ही आमच्या छोट्या गाडीने मागोमाग गेलो. पाणी डांबरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथवर आमचीही गाडी पोचली, हे मी मोठ्याने म्हणालो नाही. साडूभाऊंनी फाळका खाली घेतला आणि स्वयंपाकघर उघडायला गेले. सुताराकडून खास करून घेतलेला प्लायवूडचा खण, रुळांवर सरकत बाहेर येणारा. त्यात शेगडी, चहा, साखर, गोड्या मसाल्याचा डबा, ताईंचं पोळपाट-लाटणं. इगतपुरीकडची हवा ती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारी. प्लाय फुगलं होतं. खण चार बोटं बाहेर आला आणि अडला. त्या चार बोटांच्या फटीतून साखरेच्या बरणीचं झाकण दिसत होतं, बरणी निघत नव्हती. शेजारच्या बारा व्होल्टच्या फ्रीजमध्ये दूध मात्र गारेगार होतं, आणि शंभर अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीवर ते दीड-दोन दिवस तसंच राहणार होतं. ताईंनी विळीच्या पात्याने हळूहळू कड तासत तासत खण मोकळा केला. विळी कुठून आली? ती त्यांनी स्वतःच्या पिशवीत आणली होती. यादीत नव्हती.

त्यांचं खरं ठिकाण म्हणजे हिमाचलातलं स्पिती. त्याच्यासाठीच हे सगळं. मात्र तयारी पूर्ण झाल्याशिवाय जायचं नाही असा त्यांचा निश्चय आहे, आणि इकडे बॉर्डर रोड्सवाल्यांना कसला दम म्हणून नाही. 2020 मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला आणि लाहौल मनालीच्या दारात आलं. 2021 मध्ये लडाखच्या उमलिंग ला खिंडीत 19,024 फुटांवर डांबरी रस्त्याचा विक्रम झाला. साडूभाऊ अशी बातमी वाचतात तेव्हा देशाची प्रगती म्हणून त्यांना आनंद होतो आणि चेहरा थोडा उतरतो. “जरा हळू करा म्हणावं,” ते पुटपुटले होते, “माझे पाटे अजून यायचेत.”

पाटे, म्हणजे मागच्या चाकांचे स्प्रिंग-पाटे, जास्त जाडीचे हवे होते, कारण गाडी मागून बसल्यागत दिसत होती. गॅरेजवाल्याने विचारलं, “वजन किती आहे?” हा प्रश्न इतक्या दिवसांत कोणीच विचारला नव्हता. म्हणून आम्ही भुईकाट्यावर गेलो.

कांद्याचे दिवस. काट्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, मधे आमची नळी, विंच, तंबू आणि बाजूला टांगलेल्या केशरी पट्ट्या मिरवणारी पिकअप. त्या पट्ट्या म्हणजे बॅग्नॉल्डच्या पन्हळींच्या प्लॅस्टिकच्या नाती. वरचा स्टिकर अजून निघाला नव्हता. काट्यावरच्या पोराने खिडकीतून विचारलं, “भरलेली का रिकामी?”

“रिकामी,” साडूभाऊ म्हणाले.

पोराने आकड्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि पावतीवर ‘भरलेली’ लिहिलं. आम्ही दोघं उतरून काट्याबाहेर उभे होतो. कंपनीने ठरवून दिलेल्या एकूण वजनाला पस्तीस किलो उरले होते. म्हणजे गाडी स्पितीला जाऊ शकत होती, फक्त कोणी बसून नाही.

“आता खाली करून आणा,” पोरगा म्हणाला, “म्हणजे निव्वळ निघेल.”

कांदेवाल्यांचा तो नेहमीचाच रिवाज. दुसरा कोणी असता तर हसून निघून गेला असता. साडूभाऊ अभियंता आहेत. त्यांना निव्वळ हवंच होतं. घरी येऊन आम्ही सुटेल ते सगळं सोडवलं. तंबू उतरवायला सोसायटीतली चार पोरं लागली. पार्किंगमध्ये तो पसारा मांडला तेव्हा रखवालदार पुन्हा आला, पण काही न विचारता परत गेला. दुपारी मोकळ्या हौद्याची गाडी घेऊन आम्ही परत रांगेत. पोराने वजाबाकी केली: चार क्विंटल दहा किलो.

“माल काय लिहू?”

साडूभाऊंनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. “किरकोळ.”

“पडला काय भावाने?”

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजवर ताईंनाही दिलेलं नव्हतं. पण हिशेबाचा प्रश्न समोर आला की या माणसाला राहवत नाही. ओठांतल्या ओठांत भागाकार झाला. “क्विंटलला पावणेदोन लाख.”

मागच्या ट्रॉलीवरचा शेतकरी डोक्यावरची टोपी सारखी करत खाली उतरला आणि अगदी जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, “साहेब, कुठल्या मार्केटला?”